बाल्कनीचे पैसे घेतले, खिडकीही दिली नाही

प्रश्न : आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही चौघं मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझला गेलो. आमच्या सांगलीतल्या एजंटकडून बाल्कनीच्या दोन केबिन घेतल्या, प्रत्येकी ६४,००० रुपयांना. 'बाल्कनी कन्फर्म' असा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेजही आहे. जहाजावर गेल्यावर दोन्ही केबिन आतल्या बाजूच्या निघाल्या, साधी खिडकीही नाही. हवा खराब म्हणून अगत्ती बेटावर उतरवलंच नाही. तिथल्या सहलीचे माणशी ३,५०० वेगळे भरले होते. एजंट म्हणतो, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, तिकिटावर छापलंय, तक्रार फक्त मुंबईच्या कोर्टात. आता २५,००० चं व्हाउचर देऊ करतायत, नऊ महिन्यांत वापरायचं, आणि त्यासाठी एका कागदावर सही मागतायत. बाबा ७८ वर्षांचे आहेत. त्या केबिनमध्ये रोज विचारायचे, "सकाळ झाली का गं?" मी काय करू?

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. व्हाउचरसोबतच्या अशा कागदात बहुधा एक ओळ असते : 'पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून स्वीकारले, यापुढे कोणताही दावा राहणार नाही.' तिच्याखाली सही झाली की पुढचं सगळं अवघड होतं. तुम्हाला पैसे परत हवेत, दुसरी सहल नको, एवढंच ईमेलने कळवा.

आता तुमच्या तक्रारीचे दोन भाग वेगळे करू या, कारण ते एकत्र मांडले तर जो भाग पक्का आहे तोही कच्चा दिसेल. अगत्तीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. लाटा उसळत असताना बाबांना जहाजावरून हलत्या बोटीत उतरवलं असतं, तर आज तुमचं पत्र फार वेगळ्या कारणाने आलं असतं. कप्तानाने नकार दिला तो योग्यच होता. त्याबद्दल नुकसानभरपाई मागू नका. पण जी सहल झालीच नाही तिचे १४,००० रुपये ठेवून घ्यायचा हक्क कंपनीला नाही, ते मागा. मुंबई सोडण्याआधीच अगत्ती रद्द झाल्याचं त्यांना माहीत होतं आणि तुम्हाला सांगितलं नाही, असा एखादा ईमेल किंवा मेसेज सापडला, तर मात्र ही वेगळी, गंभीर तक्रार होते.

केबिनचं तसं नाही. तिथे समुद्राचा काही संबंध नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) प्रमाणे ठरलेल्या सेवेत जी उणीव राहते ती 'सेवेतील त्रुटी', आणि ही त्रुटी ढळढळीत आहे. कंपनी 'उपलब्धतेनुसार' या छापील शब्दाकडे बोट दाखवेल. तो शब्द वरचा मजला मिळावा, शेजारशेजारच्या केबिन मिळाव्यात, अशा विनंतीला लागू पडतो. ज्या सोयीचे जास्तीचे पैसे मोजून घेतले तिला नाही. आतल्या केबिनचा त्याच फेरीचा दर शोधून ठेवा. तो ४१,००० असेल, तर दोन केबिनचा फरक ४६,००० होतो. सहलीचे १४,००० धरून ६०,००० रुपये, व्याजासह. हा आकडा पावतीवरून सिद्ध होतो.

बाबांच्या त्रासाचं काय, हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न आहे. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक त्रासाचीही भरपाई ग्राहकाला मिळू शकते, हे स्पष्ट केलं आहे. इंग्लंडमधला १९७२ चा जार्व्हिस विरुद्ध स्वान्स टूर्स हा खटला मला अशा वेळी नेहमी आठवतो. जार्व्हिस दोन आठवड्यांच्या सुट्टीला स्वित्झर्लंडला गेले. माहितीपत्रकात पाहुण्यांची रंगत, गाण्याची संध्याकाळ असं बरंच काही होतं. दुसऱ्या आठवड्यात ते तिथे एकटेच पाहुणे उरले, आणि गायक म्हणून गावातला एक माणूस कामाच्या कपड्यांत येऊन चार-पाच गाणी घाईघाईने म्हणून निघून गेला. खालच्या कोर्टाने ३१.७२ पौंड दिले. अपिलात १२५ मिळाले, म्हणजे त्यांनी भरलेल्या ६३.४५ पौंडांच्या जवळपास दुप्पट. सुट्टी विकणारा आनंदच विकत असतो, तो न मिळाल्याची किंमत द्यावी लागते, असा तो निकाल. आपल्या ग्राहक आयोगांवर तो बंधनकारक नाही, पण युक्तिवादात जरूर सांगा. मानसिक त्रासाचे ५०,००० आणि तक्रारीचा खर्च मागा. दहा लाख मागून आयोगाचा विश्वास गमावू नका.

मुंबईला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, तिकिटावरच्या छापील अटीने हा हक्क जात नाही. सांगलीतच दाखल करा, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही होते. सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. कंपनी आणि एजंट दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. पैसे घेताना एजंट पुढे आणि जबाबदारीच्या वेळी मागे, हे आयोगासमोर चालत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण थांबू नका. आधी स्पीड पोस्टने दोघांना नोटीस पाठवा, १५ दिवस द्या.

पुरावे आजच गोळा करा. एजंटचा 'बाल्कनी कन्फर्म' हा व्हॉट्सअॅप मेसेज तुमच्या हातातला सगळ्यात मोठा कागद आहे. तो चॅट पुसू नका, फोन बदलू नका, 'आपोआप गायब होणारे मेसेज' चालू असेल तर बंद करा. त्याची प्रिंट देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं. जहाजावरचं शेवटचं बिल, केबिनचं कार्ड, रिसेप्शनवर तक्रार केली असेल तर तिची नोंद, बंद भिंतीचे फोटो, सगळं तारखेनिशी लावा.

पैसे तुम्ही भरले, पण ती सेवा तुमच्या संमतीने बाबांनी घेतली, म्हणून कायद्याने तेही ग्राहकच आहेत. त्यांना सहतक्रारदार करा आणि त्यांचं वेगळं प्रतिज्ञापत्र द्या. केबिनचा नंबर, किती रात्री काढल्या, दिवसातून किती वेळा त्यांना हात धरून डेकवर न्यावं लागलं, हे त्यांच्याच शब्दांत. मसुदा कुणाकडूनही टाइप करून घ्या, पण "सकाळ झाली का गं?" हे वाक्य कुणाला बदलू देऊ नका.