रेटिंग 3 असलेल्या पब्लिक स्कूलमध्ये मुलीला घालावं का? जर्सी सिटीहून एका आईचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्सी सिटीच्या बर्गन-लाफाएत भागात तुम्ही घर घेतलंय, मुलगी सप्टेंबरमध्ये किंडरगार्टनला जाणार आहे. जवळच्या पब्लिक स्कूलचं वेबसाइटवरचं रेटिंग 10 पैकी 3, आणि शाळेत बहुतेक मुलं ब्लॅक आणि लॅटिनो. ओळखीतले सगळे सांगतात की घर विका आणि एडिसन किंवा वेस्ट विंडसरसारख्या उपनगरात जा. ही मुलीची काळजी की वंशभेद, हे आपलं आपल्याला कसं कळणार, असं तुम्ही शेवटी विचारलंय.

शाळा आतून बघितल्याशिवाय घर विकू नका, एवढं आधी सांगते. माझी दोन्ही मुलं याच शहराच्या पब्लिक स्कूलमध्ये वाढली. आमच्या शाळेचं रेटिंगही असंच होतं, त्यामुळे या विषयावर मला तळमळीनं बोलावंसं वाटतं.

रेटिंग बहुतांशी परीक्षांच्या निकालांवर ठरतं. न्यू जर्सीत राज्याची परीक्षा तिसरीपासून सुरू होते. तिसरीतल्या मुलाच्या गुणांत शाळेचा वाटा असतोच. पण घरात पुस्तकं किती, आईवडील किती शिकलेले, भाडं परवडेना म्हणून वर्षात दोनदा घर बदलावं लागलं का, याचा वाटा फार मोठा असतो. म्हणजे त्या आकड्यात शाळेपेक्षा आजूबाजूच्या घरांचं उत्पन्न जास्त दिसतं. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या परीक्षांचे निकाल एकत्र करून बघितले. सरासरी गुणांत श्रीमंत डिस्ट्रिक्ट (एका शहराच्या किंवा टाउनच्या शाळा चालवणारी व्यवस्था) वर आणि गरीब खाली, हे अपेक्षितच होतं. मुलं तिसरीपासून आठवीपर्यंत किती पुढे सरकली हे मोजल्यावर मात्र क्रम पार विस्कटला. शिकागोच्या शाळांचं नाव देशभर वाईट, पण तिथली मुलं पाच वर्षांत साधारण सहा वर्षांएवढी पुढे जात होती. तुमची मुलगी रोज त्या वर्गात काय शिकेल, हे विचारायचं असेल तर बघायचा आकडा हा दुसरा. शाळांना रेटिंग देणाऱ्या ग्रेटस्कूल्स या वेबसाइटनंही 2020 मध्ये रेटिंग काढताना मुलांच्या प्रगतीला जास्त वजन दिलं, पण आपले लोक अजून वरचा एकच आकडा बघून टॅब बंद करतात.

न्यू जर्सी सरकार दरवर्षी प्रत्येक शाळेचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट काढतं आणि तो ऑनलाइन फुकट मिळतो. त्यात ‘स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल’ नावाचा आकडा असतो. राज्यात आधी सारखेच गुण असलेल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं किती पुढे गेली, ते तो सांगतो. 40 ते 59.5 मध्ये असेल तर शाळा आपलं काम करतेय, त्याच्या वर असेल तर फारच उत्तम. त्याच रिपोर्टमध्ये 10 टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती, शिक्षकांचा अनुभव किती, किती शिक्षक टिकून राहतात, दंग्याधोप्याच्या नोंदी किती, हे सगळं आहे. ‘तिथे सेफ नाही’ असं जो म्हणेल, त्याला या रिपोर्टमधलं काय वाचून असं वाटलं ते विचारा.

तुमच्या ओळखीतल्यांपैकी किती जण त्या इमारतीत गेलेत? माझ्या वेळी ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला त्यांच्यापैकी एकही गेलेला नव्हता. 1989 मध्ये राज्य सरकारनं जर्सी सिटीच्या शाळा ताब्यात घेतल्या, देशात एका डिस्ट्रिक्टवर अशी कारवाई पहिल्यांदाच झाली. ती बदनामी अजून चिकटून आहे. त्यानंतर किती बदललं याची चौकशी कोणी करत नाही. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानं ‘अ‍ॅबट विरुद्ध बर्क’ खटल्यात 1990 मध्ये गरीब शहरांच्या शाळांना श्रीमंत उपनगरांइतका पैसा देण्याचा आदेश दिला, आणि 1998 च्या निकालातून तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण दिवसाचं मोफत प्री-के आलं. आपल्यातले कितीतरी जण ते प्री-के आनंदानं घेतात, आणि किंडरगार्टन आलं की घर विकायला काढतात.

वंशभेदाचं विचारलंत म्हणून या सीमारेषा कुठून आल्या तेही बघू. 1930 च्या दशकात केंद्र सरकारच्या संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीय लोक राहतात त्या वस्त्यांना लाल रंग, म्हणजे तिथे कर्ज देणं धोक्याचं. घरात भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा 1968 मध्ये आला, तोवर गोऱ्या कुटुंबांनी सरकारी हमीच्या कर्जावर उपनगरं वसवली होती. मग 1974 मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकन खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की उपनगरांच्या डिस्ट्रिक्टनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय मुलांना एकत्र आणण्याची योजना त्यांच्यावर लादता येणार नाही. न्यू जर्सीत जवळपास 600 स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. एक रस्ता ओलांडला की टाउन बदलतं, शाळा बदलते, घराची किंमत बदलते. या राज्याच्या 1947 च्या घटनेत शाळांमधल्या वांशिक विभागणीला स्पष्ट बंदी आहे, तरी या विभागणीवरून राज्य सरकारविरुद्ध 2018 मध्ये खटला भरावा लागला. 2023 मध्ये न्यायाधीशांनी अनेक डिस्ट्रिक्टमध्ये विभागणी असल्याचं मान्य केलं, पण सगळं राज्यच दोषी आहे असं म्हटलं नाही. एडिसनला जा म्हणणाऱ्याच्या मनात यातलं काहीच नसतं, तो फक्त आखून ठेवलेल्या रेषेवरून चालतो. म्हणूनच रेषा इतकी टिकते.

आणि यात आपण दोन्ही बाजूंना आहोत. 1987 मध्ये याच शहरात ‘डॉटबस्टर्स’ नावानं टोळकी फिरत होती, टिकली लावणाऱ्या बायकांना आणि भारतीय दुकानदारांना त्रास देत होती. त्यांचं धमकीचं पत्र इथल्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. इंडिया स्क्वेअरला, म्हणजे इथल्या भारतीय दुकानांच्या भागात, मिठाई घेताना ज्या फुटपाथवर आपण निवांत उभे राहतो, त्याच भागात ही भीती होती. न्यूजडे या वर्तमानपत्रानं 2019 मध्ये लाँग आयलंडच्या रिअल्टरांची तीन वर्षांची पाहणी छापली. सारख्याच पैशाची गोरी आणि बिगरगोरी माणसं त्यांच्याकडे पाठवून बघितली. वेगळी वागणूक मिळाल्याचं प्रमाण एशियन ग्राहकांत 19 टक्के, लॅटिनोंत 39 आणि कृष्णवर्णीयांत 49 टक्के निघालं. कायद्यामुळे रिअल्टर ‘इथे कोणत्या वंशाचे लोक राहतात’ हे सांगू शकत नाही, म्हणून तो शाळेच्या रेटिंगकडे बोट दाखवतो. आपल्याला ते बोट कोणाकडे आहे हे कळतं.

आता उलट बाजू. कॅलिफोर्नियाच्या शाळांवर लिआ बूस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. सधन उपनगरांत एशियन मुलं वाढली की गोरी मुलं कमी होत गेली, आणि अभ्यासातल्या स्पर्धेची धास्ती हे त्याचं एक कारण असावं असं त्यांना दिसलं. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टमध्ये 2015 मध्ये मुलांवरचा ताण कमी करायचा म्हणून सुपरिंटेंडंटनी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा काढल्या, तेव्हा एशियन आणि गोरे पालक उघड समोरासमोर आले होते. ‘तुमच्यामुळे आमच्या शाळेचं वातावरण बिघडलं’ हे आपल्याला ऐकवलं जातं तेव्हा किती लागतं, हे तिथल्या कोणत्याही मराठी आईला विचारा. तेच वाक्य आपण बर्गन-लाफाएतमधल्या मुलांबद्दल बोलतो.

हे आपण अमेरिकेत येऊन शिकलो असंही नाही. पुण्यात घराशेजारी मनपाची शाळा असताना मुलांना व्हॅननं लांब पाठवणाऱ्या घरांत मी वाढले. ‘तिथे कसली मुलं येतात माहीत आहे ना’ हे मी तिथे ऐकलं, आणि इथे एका हळदीकुंकवालाही ऐकलं. तिथे ते वाक्य जातीवरून यायचं, इथे रंगावरून येतं. म्हणून स्वतःला तपासायचं असेल तर एवढंच विचारा: याच रेटिंगच्या शाळेत बहुतेक मुलं गोरी असती तर तुम्ही एकदा बघायला गेला असता का? उत्तर ‘हो’ आलं, तर आताही जा.

गेल्यावर भिंतीवरचे तक्ते बघत बसू नका. पहिलीच्या वर्गात मागे बसायची परवानगी मागा. शिक्षिका एखाद्या मुलाला चुकल्यावर काय म्हणते ते ऐका. जिन्यावर, कॅफेटेरियात मोठी माणसं मुलांशी कोणत्या आवाजात बोलतात ते ऐका, मला यावरून सगळ्यात जास्त कळलं. वाचायला कसं शिकवता, अक्षरं आणि ध्वनी पद्धतशीर शिकवता का, पुढे असलेल्या मुलाला काय देता, गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, हे प्रिन्सिपलना थेट विचारा. माझ्या मुलाला वाचायला शिकवणाऱ्या बाई कृष्णवर्णीय होत्या. त्याच वस्तीत वाढलेल्या, वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आयांनाही त्यांनीच शिकवलेलं. प्रत्येक मुलाची आजी त्यांना माहीत होती. अशी बाई कोणत्याही रेटिंगमध्ये दिसत नाही.

तुमचा भाग झपाट्यानं बदलतोय, त्याबद्दलही थोडं. लाइट रेल आली, क्रोमियमनं खराब झालेली जमीन साफ करून 2016 मध्ये बेरी लेन पार्क झालं, आणि आता नव्या इमारती चढतायत. शहरातल्या अनेक टॉवरना करसवलत मिळाली. नेहमीच्या प्रॉपर्टी टॅक्समधला मोठा हिस्सा शाळांना जातो, पण या सवलतीत टॉवर जी ठरावीक रक्कम भरतो तिच्यातले 95 टक्के शहराला आणि 5 टक्के काउंटीला जातात, शाळांच्या वाट्याला कायद्यानं काहीच येत नाही. वर 2018 मध्ये राज्यानं मदतीचं सूत्र बदललं आणि जर्सी सिटीची मदत घटत गेली. शाळांसाठी शहराला 2019 पासून कंपन्यांवर 1 टक्का पेरोल टॅक्स बसवावा लागला. म्हणजे आपल्यासारखे लोक राहायला येतात, भाडी वाढतात, जुन्या कुटुंबांना बाहेर पडावं लागतं, आणि ज्या शाळेची जागा आपण महाग केली तिच्यात मूल घालायच्या वेळी आपणही निघून जातो. याचा मला मनापासून राग येतो.

मूल घातलंत तरी कसं घालता यालाही महत्त्व आहे. नवे सधन पालक गटानं येतात आणि दोन वर्षांत पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघटना, त्यांच्या हातात जाते. मीटिंग सकाळी दहाला, जेव्हा शिफ्टमध्ये काम करणारी आई येऊच शकत नाही. महागड्या तिकिटाचा कार्यक्रम ठरतो. हुशार मुलांचा वेगळा वर्ग मागितला जातो आणि एकाच इमारतीत पुन्हा दोन शाळा होतात. वर्षानुवर्षं शाळा चालवत आलेल्या आज्या मागच्या रांगेत जाऊन बसतात, मग यायच्या थांबतात. पहिलं वर्ष मीटिंगला जा, खुर्च्या मांडा आणि ऐका. तुम्हाला काय हवंय ते मागायला पुढची वर्षं आहेत.

मी कधी निघाले असते तेही सांगते. मुलाला आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेनं आखलेली शिक्षण योजना) असेल आणि त्यातल्या सेवा महिनोन्महिने मिळत नसतील, वर्गाला वर्षभर कायमचा शिक्षक नसेल, वाढीचा आकडा सलग काही वर्षं 40 च्या खाली असेल आणि प्रिन्सिपलला त्याचं कारण सांगता येत नसेल, किंवा मुलीला कोणी त्रास देत असताना शाळा कानाडोळा करत असेल, तर तत्त्वासाठी मुलीला तिथे ठेवू नका. या कारणांनी कृष्णवर्णीय आयाही शाळा बदलतात. चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा), मॅग्नेट (एखाद्या विषयावर भर देणारी पब्लिक स्कूल), शहरातच दुसरी शाळा, असे पर्याय घर न विकताही बघता येतात.

अभ्यासात मागे पडेल का, या भीतीबद्दल: रकर जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 1945 पासून 1960 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जन्मलेल्या मुलांची पुढची आयुष्यं तपासली. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या शाळा एकत्र झाल्या तिथे कृष्णवर्णीय मुलांचं शिक्षण आणि कमाई वाढली, आणि गोऱ्या मुलांचं काही बिघडलं नाही. तुमच्या घरात दोन पदवीधर आहेत, मुलीला रात्री गोष्ट वाचून दाखवणारं माणूस आहे. ती वाचायला शिकेल.

ती वर्गात एकटी भारतीय असेल, हे खरं. सुरुवातीला डब्याकडे बघून प्रश्न येतील, नावाचे उच्चार चुकतील. माझ्या मुलीच्या बाबतीत हे पहिल्या काही महिन्यांतच संपलं. वाढदिवसाला शेजारच्या मुलींना घरी बोलावलं आणि त्यांच्या घरच्या वाढदिवसांना आम्ही सगळे गेलो, एवढंच केलं. मराठी शाळा रविवारी आहेच.

नोंदणी सुरू व्हायच्या आधी शाळेच्या ऑफिसला फोन करा आणि वर्ग चालू असतानाची वेळ मागा. नवऱ्यालाही बरोबर न्या, कारण घर विकायचं की नाही हे तुम्ही दोघं ठरवणार आहात. बघून आल्यावर आणखी काही विचारायचं असेल तर इथेच लिहा.