लॉग उडवला, तरी डिस्क भरलेलीच?

अरे, लॉग (प्रोग्रामच्या नोंदींची फाइल) उडवूनही जागा सुटली नाही, म्हणून लगेच सर्व्हर रीस्टार्ट करायची घाई करू नकोस. लिनक्सवर फाइल डिलीट केली की फक्त डिरेक्टरीतलं तिचं नाव जातं. एखादी प्रोसेस (चालू प्रोग्राम) ती उघडून बसली असेल, तर जागा काही सुटत नाही.

कोण बसलंय ते 'एलएसओएफ' ही कमांड सांगेल. 'प्लस एल एक' जोडलंस की नाव गेलेल्या फाइलीच दिसतात. ते इन्स्टॉल नसेल तरी अडत नाही. 'प्रॉक' खाली प्रोसेसच्या नंबराची डिरेक्टरी असते, तिच्यात 'एफडी' डिरेक्टरी; प्रोसेसने उघडलेल्या प्रत्येक गोष्टीची एक नंबरी लिंक तिच्यात असते. तिथे 'एलएस'ला 'वजा एल' लावून बघ (प्रोसेस दुसऱ्या युजरची असेल तर सुडो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, लागेल). लिंक ०, १, २ म्हणजे सहसा इनपुट, आउटपुट आणि एरर. पुढचे नंबर त्या प्रोसेसने स्वतः उघडलेल्या फाइली, सॉकेट, पाइप यांचे. उडवलेल्या फाइलीपुढे 'डिलीटेड' लिहिलेलं असतं.

आणि हो, चुकून कामाची फाइल उडवली असेल तर प्रोसेस मारायच्या आधी तिच्या याच लिंकवरून 'सीपी' (कॉपी) कर, डेटा परत मिळतो. मी एकदा आधी प्रोसेस मारली आणि मग हे आठवलं!

लॉगच असेल तर त्या लिंकवर 'ट्रंकेट' चालवून आकार शून्य कर, जागा लगेच सुटते. पुढच्या वेळी चालू लॉग उडवूच नकोस, रिकामा कर.

'टू मेनी ओपन फाइल्स' ही एरर आली तर याच 'एफडी' डिरेक्टरीतल्या नोंदी मोज. मर्यादा शेजारच्या 'लिमिट्स' फाइलमध्ये असते, बरेचदा १०२४. आकडा नुसता चढतच असेल तर मर्यादा वाढवून उपयोग नाही, कोडमध्ये कुठेतरी उघडलेली फाइल 'क्लोज' करायची राहिलीय.