व्हिडिओचा वेग बदलला हे कोडला कसं कळेल?

वेबपेजवरच्या व्हिडिओचा वेग दर सेकंदाला टायमर लावून तपासायचा का, असं तुम्ही विचारलंय. गरजच नाही. व्हिडिओ आणि ऑडिओ, दोन्ही टॅगना ‘रेटचेंज’ इव्हेंट आहे, म्हणजे वेग बदलला की ब्राउझर देतो ती सूचना. त्यावर लिसनर (सूचना आली की चालणारं फंक्शन) लावा आणि आत ‘प्लेबॅकरेट’ वाचा. १ म्हणजे नेहमीचा वेग, १.५ म्हणजे दीडपट.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका क्लाससाठी मी हेच केलं होतं. पोरं ४० मिनिटांचं लेक्चर दुप्पट वेगाने २० मिनिटांत उरकायची, आणि आमचा कोड घड्याळाची मिनिटं मोजून त्यांची हजेरी अर्धीच लावायचा. मग काय, पालकांचे फोन!

मी अडकलो ते बबलिंगपाशी, म्हणजे इव्हेंट आतल्या टॅगकडून बाहेरच्या टॅगकडे वर चढत जातो त्यापाशी. हा इव्हेंट वर चढत नाही, त्यामुळे डॉक्युमेंटवर (अख्ख्या पानावर) एकच लिसनर लावायचा असेल तर ‘अ‍ॅडइव्हेंटलिसनर’ला तिसरं आर्ग्युमेंट ‘ट्रू’ द्या. शिवाय ‘डीफॉल्टप्लेबॅकरेट’ (मूळचा ठरवलेला वेग) बदलला तरी हा इव्हेंट येतो, म्हणून आधीचा वेग जपून ठेवून ताडून पाहा.

आयफ्रेममधल्या (आपल्या पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातल्या) यूट्यूबला मात्र हे लागू नाही. तिथे त्यांच्या एपीआयमधला (यूट्यूबने प्रोग्रामरना दिलेल्या जोडणीतला) ‘ऑनप्लेबॅकरेटचेंज’ इव्हेंट घ्या.