त्याला मागचा अंक आठवतो का?

मागच्या महिन्यात नागपूरच्या बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मिळालेल्या कॉमिक्सबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आलीत की निम्मी अजून वाचायचीच आहेत. जवळजवळ सगळ्यांचं भांडण एकच, हा असा कसा काय वागला आणि हे असं होऊच कसं शकतं. तर आज फक्त हाच विषय घेतो.

दादा, मी आणि माझा भाऊ आठ दिवसांपासून भांडून राहिलो. ग्वेन स्टेसी पुलावरून पडते, स्पायडरमॅन तिला जाळ्यानं पकडतो तरी ती मरते. भाऊ म्हणतो जाळ्यामुळेच मेली. मी म्हणते वाचवायला गेलेल्याच्या हातून कशी मरेल, त्या खलनायक ग्रीन गॉब्लिननं आधीच मारलेली असणार. कोण बरोबर? (अकरावी सायन्स, मानेवाडा)

भाऊ बरोबर आहे गं. पण तुझं म्हणणं काही हवेतून आलेलं नाहीये, कारण त्या अंकात गॉब्लिन स्वतःच म्हणतो की एवढ्या उंचावरून पडलं की खाली पोचायच्या आधीच माणूस धक्क्यानं मरतो. ते काही खरं नाही, विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारणारे कितीतरी वेळ नुसते पडतच असतात आणि घरी येऊन जेवतात. अंक आहे 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा 121 वा, जून 1973, लेखक जेरी कॉनवे, चित्रं गिल केनची. ते चित्र परत काढून बघ. जाळं तिच्या पायाला चिकटलंय, अंग मागे वाकलंय आणि मानेजवळ एकदम बारीक अक्षरात "स्नॅप" लिहिलंय. पहिल्यांदा वाचताना ते दिसतच नाही. पुढे एका अंकात पत्रांच्या पानावर, स्पायडरमॅन छापणाऱ्या मार्व्हलनं स्वतः कबूल केलं की एकदम थांबल्याच्या झटक्यानं तिची मान मोडली.

आता तुझ्या अकरावीच्या पुस्तकातलं गणित लाव. समजा ती 90 मीटर पडली, हवेचा विरोध सोडून दे, तर वेग होतो सेकंदाला 42 मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. हा वेग अर्ध्या सेकंदात शून्यावर आणायचा तर वजनाच्या साडेआठ पट जोर बसतो आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात आणायचा तर चाळीस पटीच्या वर. आजीच्या गावी विहिरीत पोहरा सोडताना दोर हातातून सुटला आणि तू तो एकदम गच्च धरला तर काय होतं, कडी तुटते नाहीतर हात सोलतो. हळूहळू आवळत धरला तर काहीच होत नाही. क्रिकेटमधे कॅच घेताना हात मागे नेतो ना, तेच. पीटरनं, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडरमॅननं, हात मागे नेला नाही, बस.

(तो पूल कोणता यावरूनही लोकं भांडतात, मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज लिहिलंय आणि चित्रात ब्रुकलिन ब्रिजसारखा दिसतो. त्यात मला काही जीव नाही वाटत.)

मला महत्त्वाचं वाटतं ते हे की जाळं कशाचं बनतं, माणूस भिंतीवर कसा चिकटतो, हे आपण एकदा मान्य केलं की विषय संपला. पण त्या पुलानंतर पीटर कोणालाही पडताना पकडेल तेव्हा त्याला ग्वेन आठवली पाहिजे. पुढच्या काही कथांमधे तो पडणाऱ्याच्या सोबत स्वतः उडी मारतो, त्याच्या वेगानं खाली जातो आणि मग धरतो. ते पान वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो, कारण तो काहीतरी शिकलाय आणि कोणी मुद्दाम सांगितलेलं नाही.

बॅटमॅन जोकरला मारत काऊन नाही? प्रत्येक वेळी तो सुटतो, पन्नास लोकं मारतो, परत अर्काम नावाच्या वेड्यांच्या इस्पितळात. मग त्या पन्नास लोकांचा खून बॅटमॅनच्या डोक्यावर नाही का? आमच्या कट्ट्यावर यावरून दोन पार्ट्या झाल्यात. (महाल)

भाऊ, आधी एक गोष्ट जी दोन्ही पार्ट्यांना आवडणार नाही. 1939 च्या मे महिन्यात डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या 27 व्या अंकात बॅटमॅन आला, तेव्हा त्याचा असा काही नियमच नव्हता. त्या पहिल्याच गोष्टीत गुन्हेगार ॲसिडच्या टाकीत पडतो आणि बॅटमॅनला त्याचं काहीच वाटत नाही. सुरुवातीच्या काही गोष्टींत त्याच्या हातात बंदूक पण आहे. नियम नंतर आला, संपादकांच्या सांगण्यावरून, कारण वाचणारी सगळी पोरं होती. म्हणजे "बॅटमॅन मारत नाही" ही काही देवानं दिलेली ओळ नाही. पण एकदा आली आणि ज्या पोरानं गल्लीत आईबापाला गोळी लागताना पाहिलं त्याच्या अंगाला ती अशी बसली की आता काढली तर माणूसच उरत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. तो कॉमिक्समधेच विचारला गेलाय, आणि कोणी विचारलाय ते बघा. 1988 मधे बॅटमॅन छापणाऱ्या डीसीनं वाचकांना फोन करून मत द्यायला लावलं, बॅटमॅनचा साथीदार, दुसरा रॉबिन जेसन टॉड जगू द्यायचा का मारायचा. मरावा म्हणणारे 5343, जगावा म्हणणारे 5271. फक्त 72 मतांनी जोकरच्या हातून तो पोरगा मेला. मला आजही ते आकडे वाचून वाईट वाटतं. मग 2005 मधे तो परत आला, रेड हूड होऊन. कसा परत आला याचं जे कारण दिलंय ते मी कोणाला समोर बसवून समजावू शकत नाही, सुपरबॉय प्राइम नावाचं एक पात्र वास्तवाच्या भिंतीवर बुक्क्या मारतं आणि त्या हादऱ्यानं मेलेला जेसन थडग्यात जिवंत होतो. प्लॉटच्या लॉजिकचे मार्क द्यायचे तर शून्य.

तरी मी ती गोष्ट डोक्यावर घेतो, कारण परत आल्यावर जेसन काय विचारतो? तो बॅटमॅनला असं नाही म्हणत की तू मला वाचवलं का नाही. ते त्यानं माफ केलंय. तो म्हणतो, माझ्यानंतर हा जोकर अजून जिवंत का आहे. तुमच्या महालच्या कट्ट्याचा प्रश्न, पण मेलेल्या पोराच्या तोंडून. आणि बॅटमॅनचं उत्तर असं नाही की मारणं अवघड आहे, तो म्हणतो फार सोपं आहे, रोज मनात येतं, पण एकदा तिकडे गेलो तर परत येणार नाही. याच्याशी तुम्ही सहमत नसाल, माझी बायको पण नाही, पण हे उत्तर त्याच माणसाचं आहे ना? मला तेवढं पुरतं. आणि जोकर दर वेळी सुटतो त्याचा दोष मी बॅटमॅनला देत नाही, तो जोकरचे अंक खपतात म्हणून सुटतो, आणि छापणाऱ्यांनी तेवढं तरी करावं की दर वेळी सुटण्याची किंमत गोष्टीतल्या कोणालातरी मोजायला लावावी. जिथे लावत नाहीत तिथे तुमची चिडचिड एकदम रास्त आहे.

मारणारा हिरो चालतच नाही असं पण नाही बरं. लेखक जॉन बर्ननं 1988 मधे सुपरमॅनच्या हातून तीन जण मारले, क्रिप्टोनाइट नावाचा घातक दगड वापरून, आणि ते काही पुढच्या अंकात विसरलं गेलं नाही. त्या गोष्टीचा त्याच्या डोक्यावर असा परिणाम झाला की झोपेत चालल्यासारखा दुसराच माणूस होऊन फिरायला लागला, मग स्वतःलाच शिक्षा म्हणून पृथ्वी सोडून गेला. नियम मोडला पण मोडल्याचं ओझं वाहिलं.

हल्क पहिल्या अंकात करडा आणि दुसऱ्यात हिरवा, कारण काय? (सक्करदरा)

छपाई. 1962 मधे करडा रंग नीट छापूनच येईना, पानापानावर वेगळा दिसायचा, म्हणून हिरवा केला. तसंच लेखक स्टॅन ली एकदा हल्क होणाऱ्या ब्रूस बॅनरचं नाव विसरून बॉब बॅनर लिहून गेले, वाचकांनी पकडलं, तर त्यांनी नावच रॉबर्ट ब्रूस बॅनर करून टाकलं आणि आजही तेच आहे. असल्या चुका मला मनापासून आवडतात. वर मार्व्हल अशा वाचकांना नो-प्राइझ द्यायचं, चूक पकडली आणि ती चूक कशी नाहीच हे पण पटवलं तर घरी पाकीट यायचं, आत काहीच नाही. पोरं ते रिकामं पाकीट जपून ठेवायची.

मी सत्तरीचा आहे. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (इंग्रजीतला फँटम) मराठीतून वाचत मोठा झालो. नातू म्हणतो आजोबा तुमच्या वेताळाला काही लॉजिकच नाही, कधी आशियात कधी आफ्रिकेत, आणि वाघ मासे खातात म्हणे. त्याला काय सांगू? (धरमपेठ)

नमस्कार काका. नातू चुकीचं बोलत नाहीये. ली फॉकनी 1936 मधे वेताळ सुरू केला तेव्हा तो देश भारताच्या आसपासचा होता, नाव पण बंगालसारखं, नंतर हळूहळू आफ्रिकेकडे सरकला. आपल्याकडे इंद्रजालवाल्यांनी त्या देशाचं नाव डेंकाली करून टाकलं म्हणून तुम्हाआम्हाला कधी खटकलंच नाही. ईडन बेटावरचे वाघसिंह लहानपणापासून माशांवर वाढवलेत म्हणून हरणाला हात लावत नाहीत, हे जीवशास्त्राच्या मास्तरांना नाही पटणार, पण गोष्टीनं ते पहिल्यापासून सांगितलंय आणि मधेच सोयीप्रमाणे बदललेलं नाही.

नातवाला एक गोष्ट मात्र विचारा. जंगलातल्या लोकांना वाटतं वेताळ अमर आहे, पण वाचकाला माहीत असतं की हा एकविसावा, बापानंतर मुलगा, कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ. मग लग्नच केलं नाही तर बाविसावा येणार कुठून? फॉकनी वेताळाच्या प्रेयसीला, डायनाला, 1977 पर्यंत थांबवलं, एक्केचाळीस वर्षं, पण शेवटी लग्न लावलंच, आणि 1979 मधे जुळी झाली, किट आणि हेलॉइस. देश इकडचा तिकडे झाला काका, शपथ नाही झाली. हे नातवाला मांडीवर, म्हणजे आता मोठा असेल तर शेजारी बसवून, जुन्या अंकातनं दाखवा.

पीटर पार्करनं सैतानाशी सौदा केला हे मी आजपर्यंत मान्य केलेलं नाही. होस्टेलवर मित्र म्हणतात कॉमिक आहे बे, सोड ना. मी काऊन सोडू? (इंजिनिअरिंग, हिंगणा रोड)

नको सोडू. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, 1987 मधे पीटर आणि त्याची प्रेयसी मेरी जेनचं लग्न झालं, वीस वर्षं संसार चालला. 2007 मधे त्याला वाढवणाऱ्या मे काकूला गोळी लागते, ती मरणार हे दिसतं, आणि पीटर मेफिस्टो नावाच्या सैतानाला लग्न देऊन टाकतो, काकू जगते आणि लग्न झालंच नव्हतं असं होतं. खुद्द लेखक स्ट्रॅझिन्स्कींना शेवट पटला नव्हता, त्यांनी आपलं नाव काढायला सांगितलं होतं.

तेव्हाचे मुख्य संपादक जो केसाडा यांची बाजू पण ऐक, त्यांना लग्न झालेला पीटर वयस्कर वाटायचा, तरुण वाचक जोडायचे होते. दुकान चालवणाऱ्याचं म्हणून हे कारण मला समजतं. पण ते दुकानाचं कारण आहे, पीटरचं नाही. बेन काका गेल्यापासून हा पोरगा एकच गोष्ट धरून चाललाय की जे माझ्यामुळे झालं ते मी निस्तरणार. काकूला गोळी लागली कारण त्यानं जगासमोर मुखवटा काढला होता, म्हणजे हे ओझं तर शंभर टक्के त्याचं, आणि नेमकं तेच तो दुसऱ्या कोणाच्या हातात देऊन मोकळा होतो. मला तर वाटतं मे काकूला जर कोणी विचारलं असतं तर तीच म्हणाली असती, बाळा मला जाऊ दे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सौद्यानंतर त्याला आठवतच नाही. ग्वेनच्या वेळी आठवण हीच त्याची सगळी कमाई होती, इथे तीच काढून घेतली. बुक्की मारून मेलेला जिवंत झाला हे मी गिळतो, हे नाही गिळत. मित्रांना हे वाचायला दे.

दादा मी आठवीत आहे. मी वहीत कॉमिक काढते. माझी हिरोईन पाणी थांबवू शकते. मैत्रीण म्हणते मग 2023 च्या सप्टेंबरमधे अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन घरात पाणी घुसलं तेव्हा ती कुठे होती? मला उत्तर नाही आलं. आता कॉमिक बंद करू का? (एक वाचक)

अजिबात बंद करू नको. तुझ्या मैत्रिणीनं जे विचारलं ते मोठमोठ्या लेखकांना लोक विचारतात आणि ते टाळतात. तिच्या घरात पाणी आलं होतं का, ते पण एकदा विचारून बघ.

आणि उत्तर पटकन शोधू नको. पाऊस रात्री पडला होता, लोकं झोपेत होती. पाणी थांबवायला तिला पाण्याला हात लावावा लागतो का? किती वेळ धरू शकते, नंतर ताप येतो का? एकदा ठरव आणि वहीच्या पहिल्या पानावर पेनानं लिहून ठेव, पेन्सिलनं नको, म्हणजे पंधराव्या पानावर अडकलीस तर खोडता येणार नाही. ती झोपली होती असं काढलंस तरी चालेल, पण मग सकाळी उठून तिनं गुडघाभर चिखलात भिजलेल्या गाद्या आणि दप्तरं रस्त्यावर वाळत घातलेली बघितली पाहिजेत, आणि त्यानंतर पावसाच्या रात्री तिला झोप आली नाही पाहिजे.

ते पान काढलंस की फोटो पाठव. मैत्रिणीला आधी दाखव, मग मला.