पाल्याआधी हाताची परीक्षा

नागपूर

प्रिय नवसंशोधक,

तुझा विषय कळला: जखमेत पू करणाऱ्या जिवाणूंवर एकदांडीच्या अर्काचा परिणाम. सेमिनरी हिल्सच्या उतारापासून कुठल्याही पडीक प्लॉटपर्यंत नागपुरात ही वनस्पती मुबलक आहे, आणि खरचटलं की तिचा पाला चुरगळून लावायची रीत जुनीच. विषय चांगला निवडलास. पण पाल्याची परीक्षा घेण्याआधी आपल्या हाताची घे.

पिपेटने, म्हणजे मोजून द्रव ओढणाऱ्या नळीने, 100 मायक्रोलिटर डिस्टिल्ड पाणी दहा वेळा तोल. प्रत्येक वजन 0.1 ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. आकडे वरखाली होत असतील तर टिप ओली करून न घेणं, अंगठा झटक्याने सोडणं किंवा पिपेट तिरपी धरणं, यांपैकी काहीतरी चुकतंय. मग रोगकारक नसलेल्या ई. कोलाय जिवाणूंचं दहापटीने विरलन कर, म्हणजे दर पायरीला द्रव दहापट पातळ कर, आणि एकाच विरलनाच्या तीन प्लेट लाव. 90, 105, 112 अशा वसाहती, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, आल्या तर ठीक. 60, 105, 180 आल्या तर तो योगायोग नाही, हात अजून तयार नाही. हे जमेपर्यंत स्टॅफायलोकोकस ऑरियस किंवा स्यूडोमोनास या पू करणाऱ्या जिवाणूंची नळी उघडू नकोस. आणि उघडशील तेव्हा बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच. आडवा वारा सोडणाऱ्या लॅमिनार कपाटाची हवा माध्यम जपते खरी, पण जिवाणू थेट तुझ्या तोंडावर आणते.

वनस्पतीकडे ये. एकदांडीला कुणी दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. आणि स्थानिक नाव एकच असलं तरी झाड वेगळं असू शकतं. म्हणून फुलासकट, मुळासकट नमुना दाबून वाळव, वनस्पतिशास्त्र विभागात ओळख पटवून हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचा, क्रमांक घे. इतवारी बाजारातून आणलेल्या वाळक्या चुऱ्यावर प्रबंध उभा राहत नाही. पाला सावलीत वाळव. 10 ग्रॅम पूड 100 मिली मिथेनॉलमध्ये 24 तास शेकरवर ठेव, गाळ, 40 अंशांच्या आसपास द्रावक उडव आणि उरलेल्या अर्काचं वजन लिहून ठेव. हे वजन बरेच जण लिहीत नाहीत, मग दुसऱ्या खेपेचा अर्क पहिल्यासारखाच निघाला का, हे कळायला मार्ग राहत नाही.

आता प्लेट. अगारवर जिवाणू पसरायचे, त्यात पाडलेल्या विहिरीत, म्हणजे भोकात, अर्क भरायचा आणि भोवती जिवाणू न वाढलेलं वलय मोजायचं. 90 मिमीच्या प्लेटमध्ये म्युलर-हिंटन अगार हे घट्ट होणारं माध्यम 25 मिली ओत, म्हणजे जाडी 4 मिमी भरते. अगार पातळ झाला तर वलय उगाच मोठं दिसतं. जिवाणूंचं निलंबन 0.5 मॅकफारलंड इतकं (हे गढूळपणाचं प्रमाण आहे) हवं, आणि ते 15 मिनिटांत वापर. 6 मिमीची विहीर पाडताना अगार तळापासून सुटला तर अर्क खालून पसरतो आणि वलय वेडंवाकडं येतं. तळाशी वितळलेल्या अगारचा एक थेंब सोड. प्रत्येक प्लेटवर नुसत्या द्रावकाची विहीर हवीच. अर्काचा पीएचही मोज, कारण आम्लामुळेसुद्धा वलय उमटतं. जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या 10 मायक्रोग्रॅम चकतीला स्टॅफायलोकोकस ऑरियसच्या एटीसीसी 25923 या प्रमाण वाणावर 19 ते 27 मिमी वलय आलं नाही, तर त्या दिवसाच्या सगळ्या प्लेट बाद समज.

मे महिन्यात आणखी एक अडचण येते. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीच 42 अंशांवर गेली तर आत चाचणीला लागणारे 35 अंश कुठून राहणार? तापमान वाढलं की मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफायलोकोकस चाचणीत ओळखू न येता निसटतो. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर माग, आत वेगळा थर्मामीटर ठेव.

वलय आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. 100 मिग्रॅ प्रति मिली अर्काचे 50 मायक्रोलिटर म्हणजे 5 मिलिग्रॅम; चकतीतल्या औषधाच्या 500 पट. ‘जेंटामायसिनइतकाच प्रभावी’ हे वाक्य इथेच खोटं ठरतं. शिवाय जे पाण्यात विरघळत नाही ते अगारमध्ये पसरतही नाही, म्हणजे लहान वलयावरून अर्क दुबळा ठरत नाही. म्हणून किमान रोधक मात्रा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, काढ: 96 विहिरींची प्लेट, शेवटी प्रति मिली 5 लाख जिवाणू, 16 ते 20 तास. अर्क विरघळवायला वापरलेला डीएमएसओ हा द्रावक 1 टक्क्याच्या वर जाऊ देऊ नकोस. डीएमएसओतल्या 100 मिग्रॅ प्रति मिली साठ्यातून 1 टक्का घेतलास तर वरची मात्रा 1 मिग्रॅ प्रति मिली एवढीच मिळते. 10 मिग्रॅच्या हट्टापायी डीएमएसओ 10 टक्के केलास, तर जिवाणू अर्काने थांबले की द्रावकाने, हे सांगता येणार नाही.

अर्क हिरवट असल्याने जिवाणू वाढल्याचा गढूळपणा दिसत नाही; मग रेझाझुरिन हा रंग वापरतात, वाढ असेल तिथे निळ्याचं गुलाबी होतं. पण अर्कातली पॉलिफेनॉलं ही वनस्पतिजन्य रसायनं स्वतःच हा रंग बदलू शकतात. जिवाणूंशिवाय नुसता अर्क आणि माध्यम अशी एक रांग ठेवलीस की हे लगेच पकडता येईल. स्यूडोमोनासवर बहुधा काही दिसणार नाही. त्याचं बाह्यपटल आणि आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप मजबूत असतात. तो निकालही तितक्याच ठळकपणे लिही.

आणि जखम भरण्याबद्दल या चाचण्या काहीच सांगत नाहीत. जो अर्क जिवाणू मारतो तो त्वचेच्या पेशीही मारू शकतो. ती चाचणी वेगळी, प्राण्यांवरची त्याहून वेगळी, आणि तिला नीतिसमितीची परवानगी लागते. घरचं कुणी विचारेल, ‘मग पाला लावू का?’ तेव्हा नाही म्हण. मातीतल्या पाल्यावर धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात, आणि मधुमेह्याच्या पायाची जखम चिघळायला वेळ लागत नाही. वाहत्या पाण्याने धुवायला सांग आणि दवाखान्यात पाठव.

काम झालं की प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करूनच, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाक. दहा वजनांचा कागद मला आधी पाठव, अर्काचं नंतर बोलू.

तुझा हितचिंतक