ड्रमरसोबत रिहर्सल आणि छोटे गिग, दोन्हीसाठी कोणता बेस ॲम्प घ्यावा?

ड्रमर असेल तर ४० वॅटचा सरावाचा ॲम्प विसरा. बेसची सगळ्यात जाड ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. इतका खर्ज स्वच्छ ऐकू यायला गिटारपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. माझ्या मते किमान २०० वॅट, जमलं तर ३००, आणि १२ किंवा १५ इंची स्पीकरचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घ्या. मी छोट्या ॲम्पवर व्हॉल्यूम पूर्ण चढवायचो तेव्हा स्पीकरचा पडदा फडफडायचा, स्वर फाटायचा, आणि ड्रमच्या क्रॅश झांजेवर स्टिक पडली की बेस गायबच.

वॅटच्या आकड्यात एक मेख असते. हेडवर (स्पीकर नसलेला, वेगळा ॲम्प) छापलेले ‘३०० वॅट’ बहुतेकदा ४ ओहम रोधाच्या स्पीकरसाठीचे असतात. ८ ओहमचा एकच कॅबिनेट (स्पीकरची पेटी) जोडलात तर साधारण निम्मीच ताकद मिळते. दुकानात हे विचाराच.

गिगला हॉल भरायचं काम पीएचं, म्हणजे हॉलच्या साउंड सिस्टीमचं. म्हणून ॲम्पच्या मागे एक्सएलआर डीआय आउट (बेसचा सिग्नल थेट पीएला देणारं सॉकेट) हवाच, ॲम्प तेव्हा तुमचा आणि ड्रमरचा मॉनिटर, म्हणजे स्टेजवर स्वतःला ऐकू येण्यापुरता, असतो. क्लास डी (हलक्या सर्किटचं) हेड दोन-तीन किलोचं मिळतं, जिने चढताना फार बरं पडतं.

आणि रिहर्सलला ॲम्प कोपऱ्यातून बाहेर काढून भक्कम स्टुलावर ठेवा, घुमणं लगेच कमी होतं.