जुन्या आरसी ट्रान्समीटरचा (मॉडेल विमान-गाड्यांच्या रिमोटचा) बॅकअप सेल मेमरी न घालवता कसा बदलायचा?

तुमची अडचण अशी दिसते: मुख्य बॅटरी पूर्ण चार्ज असूनही ट्रान्समीटर सुरू केला की पडद्यावर बॅकअप एरर येते, आणि आतला सेल मॉडेल्सची सेटिंग्ज न गमावता बदलायचा आहे. सेल घरी बदलता येतो. सेटिंग्ज वाचतील की नाही, हे जुन्या सेलमध्ये अजून किती जीव आहे त्यावर ठरेल. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी प्रत्येक मॉडेलचं प्रत्येक पान वहीत उतरवा किंवा फोटो काढा: रिव्हर्स, एंड पॉइंट, सब-ट्रिम, एक्स्पो, मिक्सिंग, फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर मॉडेलने काय करायचं ते). पुढचे सगळे उपाय या वहीनंतर.

या ट्रान्समीटरमध्ये सेटिंग्ज स्टॅटिक रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच माहिती टिकवणाऱ्या मेमरी चिपमध्ये असतात. मुख्य स्विच बंद असताना तिला ३ व्होल्टचा लिथियम बटण सेल जागं ठेवतो. अशा रॅमना माहिती टिकवायला साधारण २ व्होल्ट पुरतात आणि प्रवाह काही मायक्रोअँपिअरच लागतो. सीआर२०३२ ची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. ५ मायक्रोअँपिअर धरले तर हिशेबाने पाच वर्षं निघतात. तुमच्याकडचा सेल बदलून वर्षभरातच संपला असेल, तर दोष बहुधा सेलचा नाही, बोर्डावर कुठेतरी विजेची गळती आहे.

आता मुख्य बॅटरीचा प्लग काढा, आरएफ मॉड्यूल (सिग्नल पाठवणारा मागचा डबा) काढा, मागचं झाकण उघडा. झाकणाला वायर जोडलेल्या असू शकतात, ते झटक्याने ओढू नका. सेलवर मल्टिमीटर लावा. नवा सेल ३.२ च्या आसपास दाखवतो. २.८ च्या खाली असेल तर बदलायची वेळ झाली, आणि २ च्याही खाली गेला असेल तर रॅममधल्या माहितीवर विश्वास ठेवू नका. मग ती वाचवायच्या खटपटीत न पडता थेट सेल बदला.

सेलवर छापलेला नंबर वाचूनच नवा आणा, आणि तोही कारखान्यातच धातूच्या पट्ट्या स्पॉट-वेल्ड केलेला (विजेने क्षणात जोडलेला). साध्या सेलवर सोल्डर करू नका. लिथियम सुमारे १८० अंशांना वितळतं, सोल्डरिंग आयर्नचं टोक ३०० च्या पुढे असतं, आणि सेलच्या कडेचं प्लास्टिकचं सील त्याआधीच जातं. असा सेल पुढे गळतो किंवा फुटतो. पट्ट्यांची जागा आणि दोन पिनांमधलं अंतरही मोजून घ्या. होल्डर बसवायचा मोह होतो, पण ट्रान्समीटर हातातून पडला, स्प्रिंगचा संपर्क क्षणभर सुटला की सगळी मॉडेल्स गेली. मी पट्टीवालाच निवडेन. ३.६ व्होल्टचा रिचार्जेबल एलआयआर२०३२ तर अजिबात नको.

एक अपवाद नीट तपासा. काही उपकरणांत बटण सेलऐवजी ३.६ व्होल्टचा निकेल-कॅडमियमचा छोटा पॅक असतो. त्याला चार्जिंग मिळतं, तिथे साधा लिथियम सेल लावणं धोक्याचं आहे. असा पॅक गळून आजूबाजूला हिरवट-पांढरी पूड जमली असेल तर थोड्या व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळू द्या.

मेमरी वाचवायची तर दोन नवे एए अल्कलाइन सेल सिरीजमध्ये घ्या. त्यांच्या प्लसला १ किलो-ओहमचा रेझिस्टर आणि १एन५८१७ डायोड लावा, डायोडवर रंगीत पट्टा असलेली बाजू बोर्डाकडे. रेझिस्टरमुळे चुकून शॉर्ट झालं तरी प्रवाह ३ मिलिअँपिअरच्या आसपासच अडतो, आणि डायोडमुळे नवा सेल एए सेलमध्ये उलटा ओतला जात नाही. या वायर सेलच्या पॅडवर जोडू नका, कारण तो पॅड पुन्हा तापणार आहे. त्याच ट्रॅकवर पुढे जो पहिला पार्ट असेल त्याच्या पायावर जोडा. आयर्न तापवा, त्याचा प्लग भिंतीतून काढा आणि मगच बोर्डाला टेकवा. जोडल्यावर बोर्डाच्या बाजूला २.७ ते ३ व्होल्ट दिसायला हवेत.

जुना सेल उपटू नका. त्याच्या पट्ट्या एकेक करून साइड कटरने कापा. दोन्ही एकाच वेळी कापल्या तर कटरच सेल शॉर्ट करतो. सेल बाजूला झाला की उरलेले तुकडे एकेक काढा. मायनसची बाजू रुंद तांब्याला जोडलेली असल्यामुळे उष्णता पिते आणि सोल्डर वितळत नाही. तिथे आधी थोडं नवं ६०/४० सोल्डर घाला, मग चिमट्याने हलकेच उचला. जोर लावला की पॅड उखडतो, आणि या कामात सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. भोकं विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) साफ करून नवा सेल प्लस-मायनस बघून बसवा, प्रत्येक टोकाला दोन-तीन सेकंदच आयर्न. मग एए सेल काढा.

आता सुरू करून प्रत्येक मॉडेल वहीशी ताडून पाहा. एकही आकडा विचित्र दिसला तर पूर्ण रीसेट करून सगळं हाताने भरा; अर्धवट बिघडलेली मेमरी रिकाम्या मेमरीपेक्षा घातक. नंतर प्रॉपेलर काढून सर्व्होंच्या दिशा, थ्रॉटल आणि फेलसेफ तपासा. पीसीएम (जुनी डिजिटल सिग्नल पद्धत) असेल तर ट्रान्समीटर बंद करून थ्रॉटल खरंच खाली येतो का ते डोळ्यांनी बघा.